कालव आणि कालवाकालव

पहिल्या वेळी गेलो तेव्हा कालवं मिळालीच नाहीत.

दोन दिवस पाऊस नुसता कोसळत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जरा उघडीप मिळाली म्हणून मी आणि मावशी एकाच छत्रीत निघालो, आणि निम्म्या वाटेत तो पुन्हा सुरू झाला. पोचेपर्यंत तिचा डावा खांदा आणि माझा उजवा ओलागच्च. जागा म्हणजे वस्तीच्या कोपऱ्यावरचा एक गाळा. सात टेबलं, एक काउंटर, काउंटरवर बर्फाची पसरट परात, मागे भिंतीवर फळा. नवरा-बायको मिळून चालवतात. तो सुरीपाशी, ती टेबलांपाशी. त्या दिवशी परातीत नुसता बर्फ होता आणि फळ्यावरच्या ‘ऑयस्टर’वर खडूची आडवी रेघ.

कालव म्हणजेच ऑयस्टर. एरवी मीही ऑयस्टरच म्हणते, पण मावशीने सदतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. असा शब्द कानावर पडला की ती ऐकू न आल्यासारखं करते. त्यामुळे कालव.

“आज नाहीत. बहुतेक सोमवारपर्यंत नाहीत,” मालक म्हणाले.

मावशीने निथळणाऱ्या छत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “संपली का?”

संपली नव्हती, आलीच नव्हती. जोराचा पाऊस झाला की खाडीत जिथे कालवं वाढवतात त्या शेतांतून माल काढायला बंदी येते, असं त्यांनी सांगितलं. कालव दिवसभर एकच काम करतं. पाणी आत ओढायचं, त्यातलं खाण्याजोगं गाळून ठेवायचं, उरलेलं सोडून द्यायचं. अनुकूल परिस्थिती असेल तर एक मोठं कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. म्हणजे आंघोळीच्या दहा-बारा बादल्या, तळहाताएवढ्या जिवाने! आता खाडीत पावसाबरोबर गटारांचं पाणी उतरलं, शेतजमिनींवरून वाहून आलं, की तेही हे निमूट गाळणार आणि त्यातले जंतू पोटात धरून बसणार. पाण्याची तपासणी होऊन ते पुन्हा स्वच्छ ठरेपर्यंत शेतं बंद. शिवाय पावसाच्या पाण्याने खाडीचा खारेपणा उतरला की कालवंही फिकी लागतात, त्यामुळे मिळाली असती तरी मी घेतली नसती, असं मालक म्हणाले.

“स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला तर मोती म्हणे,” मावशी खुर्चीवर टेकत म्हणाली, “आणि इथे थेंब पडला की दुकान बंद.”

मी ते मराठी न कळणाऱ्या मालकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. नक्षत्राचा भाग काही मला नीट जमला नाही. ते सौजन्याने हसले.

त्या दिवशी भाजलेला मासा खाऊन परतलो. मासा चांगला होता, टेबल डुगडुगत होतं, बिल यायला अर्धा तास लागला. पण माझ्या डोक्यात राहिली ती खडूची रेघ, कारण याआधी आयुष्यात एकदाच मी कालव तोंडात घातलं होतं. एका बड्या हॉटेलातल्या बुफेत. शिंपले केव्हाचे उघडून वितळत्या बर्फावर मांडलेले, कडा सुकलेल्या, आतलं पाणी आटलेलं. एक उचललं, चावलं आणि कोणी बघत नाही असं पाहून कागदी रुमालात सोडलं. कालव लागतं ते असंच, अशी पक्की समजूत करून घेऊन पुढची दहा वर्षं मी त्या वाटेला गेले नाही. तिथे मला कोणी ‘आज नाहीत’ म्हणालं नव्हतं. तिथे सगळं रोजच असायचं.

पुढच्या आठवड्यात आधी फोन केला. आहेत म्हणाले.

या वेळी परात भरलेली होती. बर्फावर ओलं फडकं आणि त्याखाली मिटलेली कालवं, खोलगट बाजू खाली करून एकाला एक लावून ठेवलेली. कालवाच्या दोन शिंपल्यांत एक वाटीसारखा असतो, दुसरा झाकणासारखा. उलटं ठेवलं तर आतलं समुद्राचं पाणी हळूहळू झिरपून जातं आणि त्या पाण्याविना ते फार टिकत नाही. गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं तर मरतंच. इथला शिरस्ता असा, की टेबलावरून मागणी आल्याखेरीज एकही उघडायचं नाही. म्हणून वाट बघावी लागते. शेजारच्या टेबलावरचा एक माणूस घड्याळाकडे बघत कुरकुरत होता. मागच्या खेपेला त्याच्या जागी मी होते.

फळ्यावर तीन ओळी होत्या. ‘पॅसिफिक’, ‘फीन द क्लेर’ आणि ‘चपटी’. पहिली दोन जातीने एकच. हे मूळ जपानकडचं कालव, आणि आज जगभर शेतीत हेच मुख्य. फ्रान्समध्ये १९७० च्या सुमाराला रोग येऊन तिथली पोर्तुगीज कालवं धुऊन गेली, तेव्हा ही जपानी आणून लावली आणि ती तिथलीच होऊन बसली. ‘फीन द क्लेर’चं वेगळेपण शेवटच्या मुक्कामाचं आहे. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर मारेन-ओलेरॉन भागात जुन्या मिठागरांच्या जागी उथळ तळी आहेत, त्यांना क्लेर म्हणतात. समुद्रातून काढलेली कालवं विकण्याआधी काही आठवडे तिथे मुरवतात. त्या पाण्यात एक सूक्ष्म शैवाल वाढतं, ते पोटात गेलं की कालवाचे कल्ले हिरवट होतात. बुरशी धरली असं वाटून कोणी परत पाठवू नये म्हणून मालकीणबाई ते आधीच सांगून टाकतात. तिसरं, चपटं, हे युरोपचं अस्सल जुनं कालव. सावकाश वाढतं, रोगांनी बेजार झालेलं आहे, म्हणून थोडंच मिळतं.

नावांपुढे आकडे होते: २, ३, ४. चपलांपासून अंगठ्यांपर्यंत मोठा आकडा म्हणजे मोठं माप, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. नवशिक्याने लहानापासून सुरुवात करावी, असा शहाणा विचार करून मी दोन नंबरची सहा मागवली.

मालकीणबाईंच्या भुवया जराशा वर गेल्या. “पहिल्यांदाच का?”

“छे, खाल्लीत की पूर्वी,” मी म्हटलं. कागदी रुमालाचा उल्लेख अर्थातच केला नाही.

मग त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि, तिखट चालेल का विचारावं तितक्या सहज, विचारलं, “कच्ची दोघीही खाणार? कुणाला यकृताचा त्रास? मधुमेह? प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू?”

“नाही,” मी म्हटलं.

“मला काही नाही,” मावशी माझ्याही आधी म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. “मावशी, मग रोज सकाळी गोळ्या कसल्या घेतेस?”

“त्या का? त्या आपल्या सवयीच्या.”

“यकृताच्या आहेत त्या.”

“तू गप्प बस गं.”

आमचं बोलणं मालकीणबाईंना कळलं नाही, पण सूर कळला असणार. त्यांनी वही मिटली. कच्चं देणार नाही, शिजवून काय हवं ते देते, एवढंच म्हणाल्या. आवाज चढला नाही की माफी मागितली नाही.

मावशी भडकली. “माझ्यासमोर बसून तू ओरपणार आणि मी बघत राहणार? पैसे आपले, पोट आपलं. ही कोण?”

त्या दोघींच्या मध्ये बसून मला दुभाषीपण करावं लागलं, आणि त्या निमित्ताने जे कळलं ते आधी माहीत असतं तर मी मावशीला कच्च्या कालवांच्या गोष्टी सांगून इथवर आणलंच नसतं. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जीवाणू आपसूकच असतात. कुणाच्या घाणीने आले असं नाही, ते तिथलेच. पाणी तापलं की वाढतात आणि कालवात उतरतात. त्यातल्या ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ची गाठ यकृत दुबळं असलेल्या माणसाशी पडली तर जंतू थेट रक्तात पसरू शकतात, आणि ज्यांना हा संसर्ग होतो त्यांतला साधारण पाचातला एक दगावतो. अशा कालवाला वास येत नाही, रंग बदलत नाही, चवीतही काही कळत नाही. लिंबू पिळा, तिखट सॉस ओता, वर दारू प्या, जंतूला काही होत नाही. तो मरतो नीट शिजवल्यावर. धडधाकट माणसालाही कच्च्या कालवाने पोट बिघडण्याची जोखीम असतेच. काही देशांत कालवं विक्रीआधी शुद्ध केलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवतात, ब्रिटनमध्ये ४२ तास, म्हणजे ती आतलं बाहेर टाकतात. पण जीवाणू जितके निघतात तितके विषाणू निघत नाहीत. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस चिवट असतो.

मालकांनी मग खिळ्याला अडकवलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून दाखवला. प्रत्येक पोत्याबरोबर एक चिठ्ठी येते. कुठल्या पाण्यातलं, कुणी काढलं, कोणत्या तारखेला. अमेरिकेत ही चिठ्ठी पोतं संपल्यावरही ९० दिवस जपून ठेवायचा नियम आहे. इतके दिवस कशाला? तर दूषित कालवातून हेपॅटायटिस ए, म्हणजे एक प्रकारची कावीळ, झाला तर लक्षणं दिसायलाच ५० दिवस लागू शकतात. तोवर चिठ्ठी फेकून दिली तर कुठल्या पाण्यात दोष होता हे शोधायचं कसं?

हेपॅटायटिस हा शब्द मावशीला भाषांतराशिवाय कळला. ती जरा शांत झाली. “बरं, मग मला भाजून द्या म्हणावं,” असं सांगून तिने पर्स मांडीवरून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. शाळेत ती असंच करायची म्हणे. वही-पेन बाजूला ठेवलं की मुलांनी समजायचं, वाद संपला.

आणि माझी सहा आली.

मी घाबरले, हे कबूल करते. एकेक शिंपला माझ्या तळहातापेक्षा लांब. तेव्हा समजलं की फ्रेंच पद्धतीच्या या क्रमांकात आकडा जितका लहान तितकं कालव मोठं. तीन नंबर म्हणजे ६६ ते ८५ ग्रॅम, चार त्याहून लहान, आणि दोन नंबर म्हणजे ८६ ते ११० ग्रॅमचा गडी. शिंपल्यासकट वजन आहे हे, पण आतला ऐवजही त्याच मापाचा. मलईच्या रंगाचा, फुगीर, कडेला काळी चुणीदार झालर, भोवती नितळ पाणी. लिंबाचा थेंब पडला तशी झालर किंचित आखडली.

“हललं ते,” मावशी म्हणाली.

“हो.”

“जिवंत आहे.”

“हो, मावशी.”

“खा आता.”

पोटात कालव जाण्याआधीच मनात कालवाकालव झाली ती अशी. मी जे केलं ते बहुतेक सगळे करत असावेत. तळाचं पाणी बशीत ओतून टाकलं, वर अर्धं लिंबू पिळलं, चमचाभर तिखट सॉस घातला, डोळे मिटले, डोकं मागे टाकलं आणि गोळी गिळावी तसं गिळलं. ते निम्म्यात अडकलं. डोळ्यांत पाणी, कान लाल, जिभेवर सॉस आणि घशात थंडगार काहीतरी सरकतंय. मावशी पाठीवर थापट्या मारतेय. कसंबसं खाली उतरलं. चव? लिंबाची.

मालक काउंटरमागून बघत होते. काही न बोलता त्यांनी ती बशी माझ्यापुढून उचलली (उरलेली पाच शेगडीकडे गेली, ती कुणासाठी ते पुढे येईल) आणि चार नंबरची तीन कालवं घेऊन आले. बरोबर सॉस नाही, लिंबू नाही. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. आधी नाकाशी ने. वास समुद्रावर पोचल्यावर पहिल्यांदा येतो तसा हवा, मासळीबाजाराचा नको. मग नुसतं पाणी ओठाला लाव. किती खारं आहे ते कळू दे. मग आत घे आणि चाव. गिळायला घाई कशाला? गिळायचंच तर पाणी पी.

चावलं.

दुसऱ्या चावण्यापर्यंत नुसता खारटपणा होता. तिसऱ्याला खालून गोडवा वर आला, दुधाच्या सायीला असतो तसा, साखरेचा नव्हे. काकडीची साल सोलताना जो हिरवा वास येतो तोही कुठेतरी होता. कालव अंगात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं, त्याने ते पुष्ट आणि गोडसर लागतं, आणि अख्खं गिळलं तर हे काहीच जिभेला कळत नाही. म्हणजे मी मघाशी जोखीम सगळी घेतली होती आणि चव शून्य. शेवटचं कालव चपट्या जातीचं दिलं त्यांनी, एकच, चाखायला. ते वेगळंच प्रकरण निघालं. सुरुवात सौम्य आणि शेवटाला जिभेवर तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यासारखी धातूची चव, ती पाच मिनिटं जाईना. काही लोक याच चवीसाठी जीव टाकतात. मला चार नंबरच बरं.

बारीक चिरलेला कांदा, व्हिनेगर आणि भरडलेली मिरी यांचं ते प्रसिद्ध मिश्रण नंतर एकावर अर्धा चमचा घालून बघितलं. वाईट नाही. पण पहिल्यांदा खाणाऱ्याने आधी एक कोरं खावं, आणि तेही लहान.

मावशीची बशी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून राग केव्हाच गेला होता. माझी ती पाच राक्षसी कालवं आता जाड्या मिठाच्या थरावर बसवून आली होती, लोणी, लसूण आणि पावाचा चुरा घालून वरच्या आचेखाली खरपूस केलेली. मीठ खाण्यासाठी नसतं. शिंपला ओबडधोबड असतो, मिठात रुतवला की कलंडत नाही आणि आतला रस सांडत नाही. मावशीने ते मीठ चाखून बघितलंच. आपल्या घरी कोणी शिंपल्यासकट कालवं उकडणार असेल तर एक लक्षात ठेवावं. शिंपले उघडले म्हणजे झालं असं नाही, उघडल्यावरही आणखी ३ ते ५ मिनिटं उकळू द्यायची, आणि उघडलीच नाहीत ती टाकून द्यायची.

“कशी आहेत?” मी विचारलं.

तिने दुसरं संपवून तिसऱ्याला हात घातला. “तुझ्या त्या हलणाऱ्यापेक्षा बरी.”

मग प्रश्न सुरू झाले. मोती कधी निघतो का? नाही; मोत्यांची शिंपली वेगळ्या कुळातली. खायच्या कालवात क्वचित एखादा खडा सापडतो, पण त्याला ना चमक ना मोल. दात मात्र पडू शकतो. नर-मादी ओळखायचं कसं? बाहेरून ओळखता येत नाही, आणि पॅसिफिक कालवं बहुधा आधी नर असतात, पुढे मोठी झाली की मादी होतात.

“स्वाभाविक आहे,” मावशी म्हणाली. “अक्कल आली की.”

हे भाषांतर मात्र मला जमलं. मालकीणबाई इतक्या जोरात हसल्या की कुरकुरणाऱ्या माणसानेही वळून बघितलं.

पुढचा प्रश्न होता, बारा महिने मिळतात का. ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात ‘आर’ नाही त्या महिन्यात कालवं खाऊ नयेत असा जुना दंडक आहे, असं मालक म्हणाले. मावशी बोटांवर मोजायला लागली. “मे, जून, जुलै, ऑगस्ट. बरोबर. पण मराठीतही बरोबर आहे की! जानेवारीत र, फेब्रुवारीत दोनदा, मार्चवर रफार, एप्रिलमध्ये प्र, आणि पुढे सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येकात शेवटी र.” सदतीस वर्षांच्या नोकरीत रफाराचा इतका उपयोग झाला नसेल. दंडक उत्तर गोलार्धातला आणि त्यामागची कारणं दोन. उन्हाळ्यात पाणी कोमट, म्हणजे व्हिब्रिओला सुगी. आणि तोच कालवांचा अंडी-वीर्य सोडण्याचा काळ. त्याआधी ती दुधाळ, मऊ होतात आणि नंतर पार पाणचट. आता शीतगृहं आली, शिवाय गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली वांझ कालवंही शेतात वाढवतात. त्यांना प्रजननात शक्ती घालवायची नसल्याने ती उन्हाळ्यातही भरलेली राहतात. तरी आपण स्वतः जुलैत कच्चं खात नाही, असं मालकांनी हळूच सांगितलं. विकता मात्र? विकतो, पण विचारलंत तर खरं सांगतो.

तिसऱ्या खेपेला मी दुपारी गेले, गर्दी नसताना, एक तरी आपल्या हाताने उघडायचं म्हणून. मालकांनी जाड हातमोजा दिला, डाव्या हातात घालायला, आणि आखूड, बोथट कडेची, जाड पात्याची सुरी. या सुरीला धार नसते. धार लागत नाही, कारण काम कापण्याचं कमी आणि तरफेचं जास्त.

त्यांनी आधी पोत्यातली कालवं एकमेकांवर हलकेच आपटून दाखवली. जिवंत, भरलेलं असेल तर दगडावर दगड वाजतो तसा घट्ट आवाज. एक पोकळ वाजलं; ते सरळ कचऱ्यात. एक जरासं उघडं होतं, त्याला टिचकी मारली, मिटलं नाही, तेही कचऱ्यात. मग फडक्याची घडी, त्यावर वाटी खाली करून कालव, निमुळतं टोक माझ्याकडे. त्या टोकाला दोन शिंपल्यांची बिजागरी असते. तिथे सुरीचं टोक रोवायचं आणि ढकलायचं नाही, मुरगळायचं, कुलपात किल्ली फिरवावी तसं.

मी ढकललं. सुरी घसरली, उजवा अंगठा शिंपल्याच्या कडेवर गेला आणि कागदाने कापावं तसं बारीक कापलं. डाव्या हातात मोजा आणि जखम उजव्याला! मालकांनी जखम साबणाने धुवायला लावली, चांगली मिनिटभर, मग पट्टी. समुद्राच्या पाण्यातले तेच जंतू जखमेवाटेही शिरतात म्हणे. मावशी असती तर तिला त्यांनी सुरीला हातही लावू दिला नसता.

दुसऱ्या प्रयत्नात मनगट फिरवलं आणि ‘टक्’ असा आवाज आला. लहानसाच, बोटं मोडल्यासारखा, पण तो हातात कळतो. मग सुरी पुसून घ्यायची, कारण बिजागरीपाशी चिखल असतो आणि तो आत न्यायचा नाही. पातं वरच्या शिंपल्याला आतून चिकटवून पुढे सरकवायचं. मध्याच्या जरा पुढे एक स्नायू असतो, दोन्ही झाकणं मिटून धरणारा; तो सुटला की इतका वेळ दगड असलेली वस्तू डबीसारखी उघडते. झाकण काढून शिंपल्याच्या कपच्या बघायच्या, मग खालूनही तोच स्नायू सोडवायचा, म्हणजे खाताना ओढाताण होत नाही.

माझ्या कालवाची झालर दोन ठिकाणी फाटली होती, निम्मं पाणी फडक्यावर सांडलं होतं आणि कपच्या चार निघाल्या. तेवढ्यात मालकांनी सात उघडली, एकाचंही पाणी न सांडता. त्यांना सात, मला एक आणि एक पट्टी. ते फाटकं कालव मी उभ्यानेच खाल्लं. कपची एक राहिली होतीच, दाताखाली आली.

रिकामे शिंपले ते एका वेगळ्या पोत्यात टाकत होते. कालवाची पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यात भटकतात आणि मग बसायला टणक जागा शोधतात. त्यांना सगळ्यात आवडते ती जुन्या कालवांच्याच शिंपल्याची. म्हणून काही ठिकाणी हॉटेलांतले शिंपले गोळा करून, वाळवून पुन्हा खाडीत टाकतात. हे पोतं तिकडे जाणार होतं. मी उघडलेल्या त्या एका शिंपल्याची बिजागरी मी पार कुस्करून टाकली होती. चालतो का म्हणून विचारलं तर मालक म्हणाले, पिल्लांना बिजागरी लागत नाही.

शनिवारी दोघींचं जायचं ठरलंय. आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत आणि बाहेर पुन्हा धो-धो सुरू झालाय. मघाशी मावशीचा फोन आला होता.

“ऐकतेयस का पाऊस? उद्या सकाळी आधी विचारून घे त्यांना. आणि मिठावरची सांग माझी, पाच.”